तळहातावरचे तारे

४ फेब्रुवारी

कपाटात निळ्या खडूचा तुकडा सापडला आणि ती दुपार आठवली. आम्ही दोघं कड्याच्या पायथ्याशी, नुकतंच लग्न झालेलं, थर्मासचा चहा एकाच झाकणातून. ह्यांनी तेव्हाच नियम घातला — चढून उतरेपर्यंत मार्गाबद्दल अवाक्षर नाही. मग मार्ग जितका चांगला तितके तारे आपापल्या तळहातावर खडूनं काढायचे, फार तर तीन, आणि मुठी एकदम उघडायच्या. ज्याचे कमी, ते आमच्या चढाईच्या मार्गांच्या पुस्तकात.

मी तीन काढले होते, ह्यांनी एक. "अगं, तुला मार्ग नाही, ऊन आवडलं," म्हणाले. खरंच होतं! शाळेत सिस्टर वहीत सोनेरी तारा चिकटवायच्या, तेव्हापासून या बाबतीत माझा हात सैलच.

६ फेब्रुवारी

प्रकाशकांचा फोन. आमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. एकच जागा रिकामी — ह्यांनी शोधलेला शेवटचा मार्ग. हे चढले होते, मी राहिले. आणि मग हे गेलेच. प्रकाशक म्हणाले, द्या की तीन, साहेबांची आठवण म्हणून.

कसे देऊ? तारे आठवणीचे नसतात. न द्यावेत, तर बिनताऱ्याच्या मार्गाकडे कुणी फिरकत नाही. झुडपं त्याला गिळतात.

आणि तो पापुद्रा. कड्याला नुसती टेकलेली दगडाची पाटी, दाराएवढी. तिला धरूनच वर जायचं. दवाखान्यात हे म्हणाले होते, "पोकळ वाजतो गं. एकदा तू ऐक."

७ फेब्रुवारी

भीती वाटते. दुसरं काही लिहवत नाही.

९ फेब्रुवारी

लेक आलीय. पुढे ती चढणार, मागून मी. दातांची डॉक्टर ती, तिला पोकळ आवाजाचं काय कौतुक! म्हणे, किडका दातसुद्धा वर्षानुवर्षं टिकतो. मी म्हटलं, त्याला लटकत नाही कुणी. खूप हसली. बापासारखीच हसते, मान मागे टाकून. मला रडूच आलं, तर कांदा चिरते म्हणून सांगितलं. कांदा नव्हताच घरात.

मग म्हणाली, पापुद्र्याबद्दल खाली सूचना छापू. मी तिला आठवण दिली: मागे एका मार्गाला ह्यांनी नि मी तीन तारे दिले, खाली 'दगड सुटे आहेत' असंही छापलं. एका मास्तरांचा पाय तिथे मोडला. पुस्तक खिशातच होतं त्यांच्या. लोक तारे बघतात, ओळी वाचत नाहीत.

वाईट निघाला तर ह्यांच्या मार्गाला भोपळा द्यावा लागेल, ही एक भीती. चांगला निघाला तर माणसं येतील, ही त्याहून मोठी.

११ फेब्रुवारी

चढलो.

खाली दोर धरून उभी होते. लेकीनं पापुद्र्याला हात घातला तेव्हा मी दोर आणखी घट्ट धरला. तिचा सगळा भार त्याच्यावर! सुखरूप गेली.

मग मी. बोटांना आपोआप जागा सापडत होत्या, जणू हे पुढे जाऊन ठेवून गेलेत. पापुद्र्यावर बुक्की मारली. रिकाम्या पिंपासारखा आवाज. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आत काहीतरी करकरलं. भार न टाकता, लेकीनं ओढलेल्या दोरावरच वर गेले.

खाली आल्यावर पाठमोऱ्या बसून तारे काढले. मुठी उघडल्या. तिच्या हातावर तीन. माझा हात रिकामा.

"बाबांच्या मार्गाला शून्य?" एवढंच म्हणाली. घरी आल्यावर भांडी जोरात आपटली.

१३ फेब्रुवारी

लेकीला करकर सांगितली. पापुद्रा पाडायचं ठरलं. वाट दोन्हीकडून दोऱ्या बांधून बंद केलीय, खाली कुणी नसेल. ती म्हणते, मी उतरते. नाही. ती वर दोर धरेल. पहार घेऊन मीच उतरणार — तो आवाज मी ऐकलाय.

काही झालंच तर: ह्यांचे बूट लेकीला. जुना दोर कुणालाही देऊ नये, कापून टाकावा. सिस्टरांनी दिलेली जपमाळ माझ्याबरोबरच जाऊ द्यावी. निळा खडू लेकीला. पापुद्र्याशिवाय मार्ग उरला, तर तिनं तो कुणाबरोबर तरी पुन्हा चढावा, मगच छापावं.

त्या दिवशी माझ्याही हातावर तीन होते, हे तिला सांगावं. मूठ उघडण्याआधी मी ते पुसले.