तिखटाच्या डब्यावरची चिठ्ठी

१२ जानेवारी, रविवार

पुल ऑफ! म्हणजे म्हणे अवघड काम जमवून दाखवणं. पुल म्हणजे ओढणं, ऑफ म्हणजे बंद. ओढून बंद पाडलं तर जमलं कसं? साक्षीला फोन करून विचारलं, तर म्हणते, "आई, लॉजिक लावू नको, पाठ कर." लातूरला अकरावीला काय गेली, माझी मास्तरीणच झाली!

पेपर अकरा फेब्रुवारीला. महिना उरला. तेवीस वर्षांपूर्वी बारावीला एकट्या इंग्रजीत उडाले होते, आता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून पुन्हा बसतेय. बाकीच्या विषयांची भीती नाही, ते निदान आपल्या भाषेत आहेत.

अंगणवाडीत चौदा वर्षं मदतनीस आहे. नाकं मी पुसते, खिचडी मी शिजवते, गाणी मी म्हणते. सेविकाबाई जूनमध्ये निवृत्त होतायत. ती जागा मला मिळू शकते, पण बारावी पास पाहिजे. यंदा हुकलं तर कुणी नवी पोरगी येऊन बसेल, आणि मी साठीपर्यंत तिच्या हाताखाली पातेली घासत राहीन. नाही म्हणजे नाही!

१५ जानेवारी

हे इंग्रजी जोडशब्द डोक्यात थांबत नाहीत. साक्षीने युक्ती सांगितली — दिवसभर हात जिथे जातो तिथे चिकटव. निळ्या स्केचपेनने चिठ्ठ्या लिहिल्या, भाताच्या शितांनी डब्यांवर डकवल्या. पिठाच्या डब्यावर कॅरी आऊट — पार पाडणे. साखरेच्या डब्यावर गेट थ्रू — निभावून नेणे. तिखटाच्या डब्यावर एकाच चिठ्ठीत तीन: पुल ऑफ, ब्रिंग ऑफ, कॅरी ऑफ. तिन्ही एकाच आईची लेकरं, तोंडंही सारखीच.

आत्याबाई बाजूला शेंगा फोडत बघत होत्या. माझ्या सासूबाई. सत्तरीच्या, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे. "काम एक आन् नावं धा! मग काम कोण करून राहिलं?"

बरोबरच आहे की. पण आपल्यातही आहेतच — तडीस नेणं, पार पाडणं, मार्गी लावणं. फक्त ते पाठ करावे लागले नाहीत, एवढंच.

२३ जानेवारी

पीठ येतं. साखर येते. तिखट येत नाही. डबा उघडून चिठ्ठीकडे बघत उभी राहिले, आणि वरणात दोनदा तिखट पडलं. हे पहिल्या घासालाच ठसकले. "तुझी बारावी होईस्तोर माझं पोट टिकत न्हाई, उज्वला!"

आत्याबाईंनी गुमान दोन तांबे पाणी पिऊन ताट संपवलं. मग विचारलं, "कोणता डबा येईना झालाय तुला?"

"तिखटाचा."

"हूं," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घरात तमाशा झाला. नवऱ्याला माझा पुळका आला! म्हणाले, "नांदेडला तुझं सेंटर बघून आलो. मागून वाट हाय. तू फक्त कोणती खिडकी ते सांग." आणि चक्क केळीच्या बागेतला लांब बांबू अंगणात आणून ठेवला. टोकाला चिठ्ठी अडकवून वर खिडकीत द्यायची म्हणे. अर्धापुरात आयुष्य केळीत गेलेला माणूस, कॉपी देतानाही घड उतरवायचा बांबूच आठवला!

मी काही बोलायच्या आत आत्याबाई कडाडल्या. "बजरंग! लाज हाय का? लेकरायला शिकवायला बसणार हाय ती. चोरीची विद्या अंगी लागत न्हाई! बांबू ठेव जाग्यावर." हे मुकाट्याने बांबू उचलून गेले.

मला भरून आलं. सासू माझ्या बाजूने एवढं मोठ्याने बोलल्याचं लग्नानंतर हे पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी

ब्रिंग ऑफ आलं. लगेच कॅरी ऑफ गेलं.

१० फेब्रुवारी

उद्या. हॉलतिकीट तीनदा पिशवीत ठेवलं, तीनदा काढून बघितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहायलाच हवं.

सकाळी निघताना आत्याबाईंनी माहूरच्या अंगाऱ्याची पुडी माझ्या पदराच्या टोकाला बांधली. दोन गाठी मारल्या. "अडलीस तर सोड," म्हणाल्या. गेटवरच्या बाईंनी झडती घेताना गाठ चाचपली. मी म्हटलं, अंगारा. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि मला आत सोडलं.

पेपर बरा होता. चौथ्या प्रश्नावर घोडं अडलं. "अवघड काम साधणे" या अर्थाचे तीन जोडशब्द लिहा, वाक्यात वापरा. तिखटाचा डबा! डब्याचं झाकण डोळ्यांसमोर येत होतं, चिठ्ठी येत नव्हती. देवीचं नाव घेतलं, म्हटलं कपाळाला बोट लावावं, आणि गाठ सोडली.

निळं स्केचपेन. माझंच अक्षर!

म्हातारीने हाताला लागेल तो कागद घेतला होता. एक क्षण बघितलं, मूठ मिटली. शब्द वाचले नाहीत, देवीशप्पथ. तेवढ्यात दारात भरारी पथक. पथकातल्या मॅडम सरळ माझ्याकडे.

"हातात काय आहे?"

"अंगारा."

"दाखवा."

काय करणार! पुडी तशीच्या तशी तोंडात टाकली. "घ्यायचा असतो तो, मॅडम," असं म्हटलं असावं, नीट आठवत नाही. कारण ती चिठ्ठी महिनाभर तिखटाच्या डब्यावर होती. जीभ पेटली. नाकाडोळ्यांतून पाणी! मॅडमना वाटलं मी घाबरून रडतेय. स्वतःची बाटली पुढे केली, पाठीवरून हात फिरवला. "ताई, या वयात बसलात हेच खूप आहे. शांतपणे लिहा."

कागद गिळला. आणि काय सांगू, त्या जाळाबरोबर अख्खा डबा आठवला — पुल ऑफ, ब्रिंग ऑफ, कॅरी ऑफ, ओळीने! ठसकत ठसकत तिन्ही वाक्यं लिहिली.

घरी आले तर आत्याबाई दारातच. "अंगारा सोडलास का?"

"खाल्ला."

"आन् कागद?"

"तोही खाल्ला."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला राग आला होता, पण बोलले नाही. रंगेहाथ सापडले असते तर काही वर्षं पेपरला बसता आलं नसतं, हे अडाणी माणसाला कुठे समजावणार. तिखटाच्या डब्यावर आता फक्त वाळलेली शितं आहेत.

१२ फेब्रुवारी

मनाला लागलंय. ही कॉपी झाली का? साक्षीला विचारलं. आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "आई, खाल्लेली कॉपी धरत नसतात."

५ मे, सोमवार

इंग्रजी — सदतीस! पास! साक्षीने लातूरहून निकाल बघून कळवला, तर मला खरंच वाटेना, तीनदा आकडा म्हणवून घेतला. यांनी अख्ख्या गल्लीत केळी वाटली. मी अंगणवाडीत जाऊन उगीचच सेविकाबाईंच्या खुर्चीवर बसून आले. मोठी आहे. छान वाटलं.

६ मे

पेढा देऊन आत्याबाईंच्या पाया पडले. आज न राहवून सांगितलंच, "त्या दिवशी तुम्ही नेमका माझ्या अभ्यासाचा कागद घेतला होता. धरली असती ना मला!"

त्यांनी पेढा सावकाश खाल्ला. "घरात रद्दी थोडी हाय का? अंगारा बांधायला मला डब्यावरची चिठ्ठी उचकटायची काय गरज? कडा भिजवून काढावी लागली, मेली निघत नव्हती."

त्यांनी आणखी एक पेढा उचलला.

"तिखटाचाच डबा येत नव्हता ना तुला?" मग दाराकडे बघून हळूच, "बजरंगला बोलू नको."