जागं टेबल

१६ जून, सोमवार

आज हजर झाले. सकाळपासून हेच शब्द मनात घोळत होते, म्हणून आधी लिहून टाकले. पंकजा, बी. कॉम., प्रशिक्षणार्थी म्हणून सहा महिन्यांसाठी पारनेरच्या एका कार्यालयात हजर. कार्यालयाचं नाव बाहेर कुठेही लिहायचं नाही, असं पहिल्याच तासाला बजावलंय, तेव्हा इथेही लिहीत नाही. आज्ञाधारक म्हणून शाळेतही माझी ख्याती होती.

पाथर्डीहून नगर आणि नगरहून पारनेर असा प्रवास झाला. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर आलंय, कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच आहे. आई फाट्यापर्यंत सोडायला आली होती. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहून ती माझ्या शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, की माझ्या लेकीला हापिसात काम लागलंय. ती बाई बिचारी नुसतीच मान हलवत होती.

आई-अण्णा दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मीही लहानपणी गेलेय, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बसून अभ्यास केलाय. आईची मान आता मोळीने वाकडी झालीय. यंदा तिला जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात आहे. नीट काम केलं तर सहा महिन्यांनी पुढे ठेवून घेतात, असं ऐकलंय. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांना कुणी ठेवून घेतलेलं नाही, पण असो. मला बसायला एक स्टूल मिळालंय आणि समोर खिडकी आहे. मी खूश आहे.

१७ जून, मंगळवार

आज नियम समजले. सत्यशीला मॅडमनी सांगितले. त्या इथल्या मुख्य कारकून, पण सगळी शाखा त्यांच्या शब्दावर चालते. नावात सत्य आणि शील दोन्ही असल्यामुळे मी जरा दबूनच ऐकलं. दहाच्या आत यायचं. मोठ्यांच्या आधी चहा घ्यायचा नाही. फार प्रश्न विचारायचे नाहीत. आणि साहेबांचं टेबल जागं ठेवायचं.

हे शेवटचं काम खास माझं. साहेब म्हणजे या शाखेचे अधिकारी. खिडकीजवळ त्यांचं मोठं टेबल आहे, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. सकाळी आल्याआल्या त्यांच्या डोक्यावरचा पंखा लावायचा. चष्मा उघड्या फायलीवर ठेवायचा, पेनाचं टोपण काढून ठेवायचं, रुमाल खुर्चीच्या हातावर टाकायचा. शिपाई छगनमामा अधूनमधून अर्धा कप चहा आणून ठेवतात. साहेबांना कुणी विचारलं तर ‘नाहीत’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणायचं, आत्ताच उठलेत, चहाला गेलेत, येतीलच. मॅडमनी ते माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकतच मी मोठी झाले. आता थांबवणाऱ्यांच्या बाजूला बसलेय, याची खरं सांगायचं तर गंमत वाटली.

साहेब आज काही आले नाहीत.

२६ जून, गुरुवार

साहेब अजून आलेले नाहीत. आक्काबाई मात्र रोज येतात.

आक्काबाई वरच्या अंगाच्या एका वाडीवर एकट्या राहतात. त्यांचं अनुदान बंद पडलंय, कारण कुणाच्या तरी चुकीने त्या कागदावर मेल्या आहेत. जिवंत असल्याच्या दाखल्यावर साहेबांची सही हवी. म्हणजे बाई समोर बाकावर बसून तंबाखू मळतेय, खोकतेय, माझ्या आईची चौकशी करतेय, पण सही नाही म्हणून मेलेली. मला हसू आलं तर त्याही हसल्या. म्हणाल्या, मी मेले हे मला कुनी सांगितलंच न्हाई बाय, न्हाईतर इतक्या येरझाऱ्या तरी कशाला घातल्या आस्त्या.

मी रोज त्यांना सांगते, आत्ताच उठलेत. त्या फिरत्या पंख्याकडे बघतात, चष्म्याकडे बघतात आणि म्हणतात, व्हय व्हय, आलेत की, बसते मी. संध्याकाळी वाडीकडे जाणारी जीप निघायच्या वेळी उठतात. मॅडम माझ्यावर खूश आहेत. तुझ्या चेहऱ्यावर खोटं अजिबात दिसत नाही, म्हणाल्या. ही स्तुती मी आईला फोनवर सांगितली नाही.

८ जुलै, मंगळवार

आज मनाला लागेल असं ऐकलं, आणि ते खरं मानावं की नाही हे कळत नाहीये.

साहेबांच्या टेबलावरचा चहा संपतो. मला वाटायचं, छगनमामाच परत नेताना पीत असतील. आज मी टेबलापासून हलले नाही, आणि तरी कप रिकामा झाला. टॉवेल सरळ करायला हात लावला तर खुर्चीची पाठ गरम होती. माणूस टेकून बसल्यावर होते तशी.

छगनमामांना बाजूला घेऊन विचारलं. आधी टाळत होते, मग बोलले. म्हणाले, साहेब लई चांगले हुते, पर लोकांना कट्टाळायचे. एकदा कुनी भांडखोर मानूस आला, तवा साहेबांनीच मला खुनावलं, सांग म्हनं चहाला गेलेत. साहेब खुर्चीत बसलेले. मी त्या मानसाच्या तोंडावर सांगितलं, आत्ताच उठले. त्यानं खुर्चीकडं पाह्यलं आन् गेला की निघून. साहेब पोट धरधरून हसले. मग रोजचंच झालं त्ये. आमी समदे सांगायचो. आन् एक दिस मी चहा घिऊन आलो, तर मलाबी खुर्चीत कुनी दिसंना.

त्यांच्या घरच्यांनी शोध घेतला नाही का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, बाईसायेब आल्त्या. दोनदा आल्त्या. मग मॅडमनी काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

वर कळवलं तर साहेबांची जागा रिकामी धरतील, शाखा बंद होईल आणि सगळ्यांच्या बदल्या पार अकोले तालुक्याच्या डोंगरात होतील. मॅडमचं घर इथे, मामांची म्हातारी आई इथे. प्रत्येकाचं कारण कसं पटण्यासारखं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत माणूस असला तरी.

११ जुलै, शुक्रवार

आज पंखा लावताना मी हळूच म्हटलं, साहेब, तुम्ही आहात का? पेन टेबलावरून थोडंसं घरंगळलं. वारा असेल. पंखा तर मीच लावला होता.

घरी निघून जावं असं फार वाटलं. पण आईचा फोन आला. यंदा ऊसतोडीच्या मुकादमाला अजून हो म्हणाली नाहीये ती. म्हणाली, तुजं काम पक्कं झालं की त्याला तोंडावर नाही सांगन. मी म्हटलं, सांग बिनधास्त.

१५ जुलै, मंगळवार

सांगून टाकलं. आक्काबाईंना आज ताप होता. बाकावर डोकं टेकून बसल्या होत्या, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, आत्ताच उठलेत. त्या अंगात ताप घेऊन म्हणाल्या, बसते मी. मला माझीच किळस आली. मी त्यांच्याजवळ जाऊन खरं ते सांगितलं, की साहेब उठून येणार नाहीत, दिवाळीच्या आधीपासून त्यांनी एकही सही केलेली नाही, तुम्ही थेट नगरच्या मोठ्या ऑफिसात जा. त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, पोरी, तुला तरास व्हईल.

मॅडम मागे उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, पंकजा, तुला इथे पुढे राहायचंय ना?

२४ जुलै, गुरुवार

घडलं तसं लिहिते.

नगरहून मोठे अधिकारी आले. आक्काबाई तिथपर्यंत गेल्या होत्या. साहेबांचा पंखा, चष्मा, चहा बघून अधिकाऱ्यांचं समाधान झालं. मग त्यांनी विचारलं, म्हातारीला हे सगळं सांगणारी ती ट्रेनी मुलगी कुठे आहे? मी त्यांच्या समोर होते. स्टुलावर. हात लांब केला असता तर त्यांना लागला असता.

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. आणि म्हणाल्या, पंकजा ना? आत्ताच उठली. चहाला गेलीय, येईलच.

मला वाटलं, मला वाचवतायत. मी उभी राहून म्हटलं, सर, मीच पंकजा. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर माझी ओढणी होती, त्याकडे पाहिलं. घड्याळ बघितलं. बरं, आली की पाठवा म्हणाले. मी मोठ्याने ओरडले, सर. छगनमामांनी मान खाली घातली. त्यांना अजून ऐकू येत होतं.

जाता जाता आक्काबाईंच्या दाखल्यावर त्यांनी सही केली. बाई जिवंत झाली.

२८ जुलै, सोमवार

कामासाठी येणारे मला विचारतात. म्हणजे मला नाही, मॅडमना विचारतात, ती मुलगी कुठंय? मॅडम सांगतात. दर वेळी सांगितलं की माझ्यातलं थोडं काहीतरी कमी होतं. आज आरशात बघायचं टाळलं.

आक्काबाई आल्या होत्या. पेढे घेऊन. माझ्यासाठी. मामांनी त्यांना सांगितलं — तेच. आवाज बारीक होता मामांचा, पण सांगितलं. त्या बसून राहिल्या. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तिथे खाजवलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मामांनी आज माझ्या स्टुलाजवळ अर्धा कप चहा ठेवला.

माझ्याकडे बघून नाही. आता त्यांनाही दिसत नाही. ओढणी नीट केली, माझं पेन उघडून ठेवलं. डोळे पुसत होते. रडायला काय जातं? एकदा फक्त म्हणायचं होतं, ही काय, इथंच तर आहे.

आईचा फोन आला. मी बोलत होते, ती हॅलो हॅलो करत होती. मग म्हणाली, रेंज न्हाई वाटतं, ठिवते, कामात आसशील.

ऑगस्ट. पाऊस नाही

दाराबाहेर जायचं ठरवलं होतं. उंबऱ्यापर्यंत गेले. मग कळलं — बाहेर पडले तर त्यांचं म्हणणं खरं होईल. खरोखरच उठून गेलेली होईन मी. मग परत कुठून येणार? म्हणून बसलेय. साहेबही म्हणूनच बसून राहिले असतील.

आता ते थोडे थोडे दिसतात मला. खिडकीकडे बघत असतात. बायकोची वाट बघत असतील. बोलत नाहीत. आमच्यासारख्यांनी बोलून तरी काय —

नवी मुलगी आलीय. दिशा. हसरी आहे. मॅडम तिला नियम सांगतायत. टेबलं जागी ठेवायची म्हणाल्या. टेबल नाही, टेबलं. मला टेबल मिळालंय. माझ्यावर पंखाही लावलाय.

माहीत नाही. बहुतेक गुरुवार

आई आलीय.

दारात. नवं लुगडं नेसलीय. पिशवीत डबा असणार — माझी आई. मी ओरडतेय. ती चप्पल बाहेर काढून आत आली. सरकारी फरशीवर चप्पल घालत नाही ती.

मॅडम जागेवर नाहीत. फक्त दिशा आहे. आईने विचारलं, आमची पंकजा कुटं बसती. दिशाने टेबल दाखवलं. आई जवळ आली. टेबलावरून हात फिरवला, पंख्याकडे बघितलं. म्हणाली, पंकाबी हाय व्हय डोक्यावर. लई मोठी झाली म्हनायची. चेहरा असा फुललाय तिचा. माझ्या अंगातून बघतेय ती, आणि फुललीय —

मुकादमाला ‘नाही’ सांगितलंय म्हणाली. लेक हापिसात आहे म्हणून.

वही उघडी करून दिशासमोर ठेवली. मोठ्या अक्षरात लिहिलं, दिशा, पंकजा इथे आहे एवढंच म्हण. एकदाच. आईला सांग. दिशाने वाचलं. पांढरी पडली. वाचलंय तिने, नक्की वाचलंय. वही परत टेबलावर सरकवली. दाराकडे बघतेय. मॅडम आल्या. दारात उभ्या आहेत. नुसत्या दिशाकडे बघतायत. दिशाला पण राहायचंय ना इथे. तिलाही घर असेल, तिचीही आई —

आईने परत विचारलं, कुटं गेली पन ती?

दिशा माझ्याकडे बघतेय. म्हणजे या खुर्चीकडे. ओठ हलले तिचे. म्हण, बाई म्हण, इथे आहे म्हण. बोलायला लागली. ती म्हणाली, पंकजाताई ना, त्या आत्ताच