सीपीयू मीच नेला

अहो,

कम्प्यूटरचा डब्बा चोरीले नाही गेला, मीच नेला. ऑटो करून आपल्या लेकीकडे, अनुजाकडे, स्मृति नगरले चालली आहो. तुम्ही आज त्याले फॉर्मॅट मारणार होते ना, आता मारा टेबलाले.

गाण्याइचा बॅकअप घेतला म्हणून तुम्ही पेन ड्राइव्ह हातात दिला, तो काल शेजारी साधनाताईच्या टीव्हीले लावून पाहिला. एकही गाणं वाजलं नाही. तुम्ही नुसते शॉर्टकट कॉपी केले, म्हणजे क्वार्टर इथंच अन् दारावरची पाटी तेवढी उचलून नेली! प्लांटमध्ये तीस वर्षं दुसऱ्याइचं काम तपासलं, घरचं एकदा तपासाले काय झालं होतं? अनुजा दोन हार्ड डिस्कवर उतरवून देते, अन् वाजवून पाहते.

वरण कुकरात आहे, गरम करून घ्या.

वरून म्हणता, नेटवर सगळीच गाणी भेटतात. मग सेक्टर दहाच्या गणपतीत मी गायलेलं गाणं शोधून दाखवा. कॅसेट तर कवाचीच गेली, आता ते ह्या डब्ब्यातच उरलं आहे. खूण सांगते, दुसऱ्या कडव्यात मले घ्याले आलेल्या तुमच्या स्कूटरचा हॉर्न वाजते, अन् गाणं तिथंच संपते.

तिसरं कडवं आज अनुजाकडे म्हणणार आहो. हॉर्न वाजवाले येऊ नका.

नूतन