लस म्हणजे उसाची मोळी नव्हे

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू पुण्याला मेडिकलला होतीस तेव्हा आई मला लिहायला बसवायची आणि ‘इकडे सर्व ठीक आहे’ याच्यापुढे माझं पेन सरकायचं नाही. आज लिहितो आहे, कारण बसस्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागला आहे. तुझा फोटो ताटलीएवढा, साहेबांचा दाराएवढा. खाली मोठ्या अक्षरांत, ‘डॉक्टर अक्कांचं स्वप्न, साहेबांचा शब्द! डेंग्यूची लस, विक्रमी वेळेत!’

तुझं स्वप्न म्हणे! तुझ्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. तू म्हणायचीस, "बघू काय निघतं ते." पण असलं वाक्य फ्लेक्सवर कोण छापणार?

त्याखाली शिबिराचं आमंत्रण आहे. तुझ्या नावाचं लसीकरण महाशिबिर, साहेबांच्या वाढदिवसाला, म्हणजे आचारसंहिता लागायच्या आत. जिची चाचणी अजून चालू आहे, जिला तू स्वतः लस म्हणायला तयार नव्हतीस, ती तुझ्या नावानं गावोगावच्या पोरांना टोचायची आहे. तू असतीस तर तूच काय ते बोलली असतीस. तू नाहीस, म्हणूनच तर त्यांना तुझं नाव आवडायला लागलं!

गेस्ट हाऊसवरची ती मीटिंग आठवते का? ट्रस्टच्या हॉस्पिटलला डेंग्यूच्या लशीच्या चाचणीचं केंद्र मिळालं, तुला प्रमुख केलं, आणि साहेबांनी बोलावून घेतलं. ट्रस्टचे अध्यक्ष तेच, साखर कारखान्याचे चेअरमन तेच, आमदारही तेच. तू मला म्हणालीस, "दिनू, तू चल. कारखान्याच्या लॅबमध्ये तुझी सगळी नोकरी झाली, तुला त्यांची भाषा कळते."

साहेबांनी विचारलं, "मॅडम, चाचणी कधी उरकताय?"

"अजून दोन-तीन पावसाळे तरी जातील."

साहेबांचे पुतणे बंटीशेठ सोफ्यात मागं रेलून हसले. "पावसाळे? अहो, नव्या कारखान्याचा चाचणी हंगाम आपण आठवड्यात गुंडाळला!"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "पूजा केली, गव्हाणीत उसाची मोळी टाकली, पहिलं पोतं बाहेर पडलं, झाली चाचणी यशस्वी. दुसऱ्या दिवशी पेपरला फोटो."

घोटाळा कुठे आहे ते मला तिथंच कळलं. आपल्या भागात चाचणी म्हणजे चाचणी हंगाम. नवा कारखाना उभा राहिला की थोडा ऊस घालून यंत्रं फिरवून बघायची, एवढाच त्याचा अर्थ. पण हार, नारळ आणि मंत्री आधीच ठरलेले असतात. चाचणी हंगाम नापास झाला असं आपल्याकडे कुणी ऐकलंय? साखर काळपट निघाली तरी पोत्याला हार घालतात. ती काळपट साखर मी तपासली आहे, अक्का. अहवाल वाचायला कुणी थांबलं नव्हतं. सगळे जेवायला गेले होते.

तू मात्र त्यांना शांतपणे समजावत बसलीस. डेंग्यूच्या चार जाती. एकदा झाला तर माणूस बहुतेक वेळा सुटतो. पुढं दुसऱ्या जातीचा झाला तर तो जिवावर बेतू शकतो. लस म्हणजे शरीराला दिलेली पहिली ओळख. ती ओळख पुढं राखण करते की अर्धवट राहून उलट आजार वाढवते, हे सुई टोचल्यावर लगेच दिसत नाही. लस घेतलेला माणूस आपल्या गावात राहतो, पावसाळा येतो, डास चावतो, तेव्हा दिसायला लागतं. म्हणून वाट बघायची. डॉक्टर आळशी आहेत म्हणून नव्हे.

मी साधा बी.एस्सी. माणूस, मला कळलं. त्यांनाही कळलं असणार. साहेब म्हणाले, "वर माझं बोलणं झालंय."

तू म्हणालीस, "डास वर विचारून चावत नाहीत, साहेब."

बंटीशेठनं तुझ्यासमोरची काजूची बशी उचलली आणि साहेबांसमोर ठेवली. एवढीच त्यांची अक्कल, एवढाच त्यांचा सूड! आणि तू हसलीस. अक्का, तिथं हसायला नको होतंस. असल्या माणसांना राग चालतो, हसू चालत नाही.

तुझ्या चाचणीत आलेली माणसं साहेबांच्या सभेतली नव्हती. वाडीवरच्या सखूबाई आठवतात? त्या आल्या त्या तुझ्या शब्दावर. तू सगळ्यांना सांगितलं होतंस की काहींना लस मिळेल, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते देणाऱ्यालाही माहीत नसेल. तरी सखूबाई दर तपासणीला तुला छेडायच्या.

"आवो डाक्टरीनबाई, मला लस दिली का पानी, यवढं तरी सांगा की!"

"मलाच माहीत नाही, सखूबाई."

"मंग यवढं शिकून काय केलं तुमी?"

"हेच शिकले. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"लई अवघड शिक्षान हाय बया!"

सगळी रांग हसायची. तूही.

मग गेल्या पावसाळ्यात त्याच सखूबाईंना ताप आला. डेंग्यूच निघाला. पेशी उतरल्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तू त्यांना गाडीत घालून नगरला नेलंस, आणि त्या धोक्याबाहेर येईपर्यंत घरी आली नाहीस. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या बाहेरच्या समितीला तू लगेच कळवलंस. ते तुझं कामच होतं.

बंटीशेठ घरी आले तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. त्यांचा आवाज काही लपत नाही.

"मॅडम, नुसता ताप लिहा ना. डेंग्यू कशाला?"

"डेंग्यू आहे म्हणून."

"एका बाईसाठी अख्ख्या जिल्ह्याचं नाव खराब करताय तुम्ही!"

"एकेका बाईसाठीच तर चाचणी असते, बंटीशेठ."

ते चपला पायात सरकवत म्हणाले, "लोकांची सेवा करायची सोडून नुसती आकडेमोड!" लोकांची सेवा! ज्यांना सखूबाईंचं नावसुद्धा विचारावंसं वाटलं नाही, ते तुला सेवा शिकवून गेले.

सखूबाईंना लस मिळाली होती की पाणी, हे मला आजही माहीत नाही. पाणी असेल तर त्या तापात लशीचा दोष नाही. लस असेल तर बाकीच्यांची काळजी करायला हवी. समितीला ते माहीत असेल, पण एका माणसावरून समितीलाही निकाल लावता येत नाही. सगळ्यांच्या तपासण्या पूर्ण होऊ दिल्या, लसवाले आणि पाणीवाले शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तरच कळेल. आणि नेमकं तेच या मंडळींना नको आहे. त्यांना उत्तर नको, फोटो हवा आहे.

त्यानंतर हॉस्पिटलातली तुझी खोली जिन्याखाली गेली. कार्यक्रमपत्रिकेतून तुझं नाव गेलं. तू मला काही सांगितलं नाहीस, हॉस्पिटलच्या मावशींकडून कळलं. का नाही सांगितलंस? मी फार बोलत नाही म्हणून? ऐकतो तरी ना मी!

आणि मग एक दिवस ओपीडीत बसल्या जागी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांनी तुला मारलं असं मी म्हणणार नाही. तू पहिलं विचारलं असतंस, "दिनू, पुरावा काय?" पुरावा नाही. म्हणून तेवढं गिळतो आहे. बाकीचं गिळणार नाही.

तुझी दशक्रिया गोदावरीच्या घाटावर केली. आपल्याकडे दशक्रियेला गुरुजींच्या आधी माईकवाला पोचतो, तसा तो पोचला होता. साहेबांना त्या सकाळी आणखी दोन दशक्रिया होत्या. पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो, आणि बंटीशेठ सारखे मोबाईल बघत होते.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा अन् उरका. साहेबांना पुढं जायचंय."

गुरुजी म्हणाले, "अहो, आत्ता तर पिंड ठेवलाय! थोडं थांबा की."

"तुम्ही करा हो. कावळा तो कावळा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. पण तेवढ्यात चार कार्यकर्त्यांनी दर्भ पुढं केला होता, आणि गवताचा कावळा पिंडाला शिवलासुद्धा. एका कार्यकर्त्यानं त्याचाही फोटो काढला! मग भाषणं सुरू झाली. ज्यांना खऱ्या कावळ्यासाठी थांबवत नाही, त्यांच्या हातात मुलांचे दंड द्यायचे?

साहेब माईकवर गहिवरले. "अक्का शेवटच्या भेटीत मला म्हणाल्या, साहेब, थांबू नका, माझी लस लोकांपर्यंत पोचवा." शेवटच्या भेटीत त्यांनी तुला बसायलाही सांगितलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मावशींकडून मलाही. तरी माझ्याकडे बघूनच बोलले. हा गप्प माणूस आहे, गप्पच बसेल, असा त्यांचा हिशेब. मग तिथंच महाशिबिर जाहीर झालं. घाटावर टाळ्या वाजल्या, अक्का! दशक्रियेत टाळ्या!

निवेदक म्हणाला, "आता कुटुंबाच्या वतीनं दिनकरराव आभार मानतील."

मी उठलो. माईक हातात घेतला. मी म्हणालो, "माझी बहीण असं काही म्हणाली नव्हती. तिची चाचणी पूर्ण झालेली नाही. लस चांगली आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, तिलाही माहीत नव्हतं. तोपर्यंत तिच्या नावानं कुणी मुलांना टोचून घेऊ नका." शेवटचं वाक्य मला माईकशिवाय मोठ्यानं म्हणावं लागलं, कारण माईक बंद झाला होता. तो आपोआप बंद झाला असं माईकवाला सांगतो.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखात आहेत. समजू शकतो." आणि गाडीत बसले.

याहून वाईट पुढं झालं. आपले सदूमामा पाठ थोपटायला आले. "बरं केलंस, दिनू. लशीबिशी समदं थोतांड हाय. मी तर नातवाला गोवराची बी देऊ दिली न्हाई."

"मामा, मी थोतांड म्हटलं नाही. अजून माहीत नाही म्हटलं."

"येकच की ते!"

"एक नाही, मामा. गोवराची लस तपासून झालेली आहे. पोराला उद्याच घेऊन जा."

मामा रुसून निघून गेले. तेव्हा तुझी खरी भीती मला समजली. तू म्हणाली होतीस, "घाईत टोचली आणि एखादं पोर दगावलं, तर लोक पोलिओचे थेंबसुद्धा नाकारतील, दिनू." साहेबांची घाई आणि मामांचा हट्ट एकमेकांना किती छान पोसतात! दोघांनाही थांबून बघायचं नाही. एकाला लस आधीच चांगली ठरवायची आहे, दुसऱ्याला आधीच वाईट. आणि दोघेही स्वतःला शहाणे समजतात.

मी समितीला सगळं लिहून कळवलं आहे. लस बनवणारी कंपनी शिबिराला एकही डोस देणार नाही असं त्यांनी फोनवर सांगितलं. बंटीशेठ अजून म्हणतात, "वरून आणू." आणू देत. वाडीवरचं कुणी जाणार नाही. काल सखूबाई दारात येऊन बसल्या होत्या.

"भाऊ, शिबिराचा टेम्पो आमच्याकडं आल्ता बोलवायला. मी म्हनलं, डाक्टरीनबाईंना ठाव न्हवतं, तर तुमाला कुठून ठाव?"

मी त्यांना चहा आणून दिला. मग त्या म्हणाल्या, "पर आता तपासनीला आमाला नेनार कोन? नवा डाक्टर तर तोंड लपवून बसतोय."

म्हणून हे पत्र, अक्का. तुला एक शब्द देऊन टाकतो. सखूबाईंना आणि वाडीवरच्या सगळ्यांना दर तपासणीला मी माझ्या गाडीतून नेईन, चाचणी संपेपर्यंत, जितके पावसाळे लागतील तितके. नवा डॉक्टर बाहेर येईपर्यंत त्याच्या दारात बसेन. निकाल वाईट लागला तर वाडीवर जाऊन आधी मी सांगेन. आणि चांगला लागला, तर साहेबांनी घेतलेल्या शिबिरातसुद्धा सगळ्यांत पुढं बाही वर करून मी उभा राहीन. बंटीशेठ हार घालायला आले तर मान खाली करीन. माझ्यासाठी याहून मोठी शिक्षा नाही. पण लस खरी असेल, तर तीही भोगीन.

तुझा धाकटा,
दिनू