सात रोपांना कळ्या

१२ फेब्रुवारी १९६८
आजही काही नाही. एकशे अठ्ठ्याऐंशीवा अर्क, आणि गोखरूची रोपं जशीच्या तशी — नुसती पानं! बावीस वर्षं झाली. फुललेल्या झाडाची फांदी न फुललेल्यावर कलम केली की तेही फुलतं. म्हणजे पानांतून काहीतरी वाहत जातं, हे नक्की. बाटलीत मात्र उतरत नाही.

१३ फेब्रुवारी
संचालक टेर हॉर्स्ट दारातूनच बोलले. "ब्रांट्स्माबाई, जूनपर्यंत काही दिसलं नाही तर खोली सोडावी लागेल." वर म्हणे, वाईट वाटून घेऊ नका! हार्मेनने ऐकलं — माझा मदतनीस, पहिल्या दिवसापासूनचा. पानं कुटत राहिला.

१९ फेब्रुवारी
नवा अर्क लावला. डाव्या कप्प्यात दहा रोपं. उजवीकडे दहा, नुसत्या पाण्याची. अंधार पडला की दोन्हीकडे दिवे. गोखरूला एक जरी लांब रात्र मिळाली तरी ते आपसूक फुलतं, मग अर्काचं काय कळणार?
पाय सुजलेत.

२३ फेब्रुवारी
काही नाही.

१ मार्च
सात! दहापैकी सात शेंड्यांत कळ्या. भिंगाखाली तीनदा मोजल्या. उजवीकडे एकही नाही! हार्मेनला ओढत आणलं. "चांगलं झालं, डॉक्टर," म्हणाला. इतकंच.

४ मार्च
टेर हॉर्स्ट केक घेऊन आले. "आणखी तीन वर्षं पक्की! लवकर लिहून टाका."

५ मार्च
कॉफीला हार्मेन बसलाच नाही. टोपी हातात.
"डॉक्टर, डावीकडचे दिवे मी बंद केले होते. एकच संध्याकाळ."
"का?"
"रोज सकाळी कोट न काढता तुम्ही त्या शेंड्यांकडे धावता. मला बघवेना." मग हळूच, "वाटलं, तुमच्या लगेच लक्षात येईल."
आलं नाही. यायला हवं होतं — मला पाहायचंच नव्हतं. रागवायलाही त्राण उरलं नाही. दोघांनी मिळून वीस रोपं उपटली.

६ मार्च
टेर हॉर्स्टना सांगितलं — दिवे बंद केले गेले होते, निकाल खोटा. ते लालबुंद. "कोणी? आजच्या आज घरी पाठवतो त्याला!"
हार्मेनच्या पेन्शनला चौदा महिने आहेत.
मी म्हणाले, "मी."