खजरान्यातली मावशी

आई, तू गेलीस तेव्हा आपल्याकडे साधा फोनही नव्हता, त्यामुळे माझं काम तुला कसं सांगू? मी दिवसभर कॉम्प्युटरला नाती शिकवतो. हसू नकोस! आजवरचं इंटरनेट नुसते शब्द शोधायचं. आता जे येतंय त्याला अर्थ कळायला हवा. मामा म्हणजे आईचा भाऊ, हे एकदा सांगून ठेवलं की इकडची माहिती तिकडच्या माहितीला ते आपलं आपण जोडतं. तुझंच काम की हे! बडा गणपतीच्या देवळाजवळच्या त्या लग्नात आपण पंगतीत बसलोय, आणि वाढायला आलेल्या अनोळखी बाईला तू बोलता बोलता लांबची आतेबहीण करून टाकतेस. मी लाजून चूर. "काय आई, जो दिसेल त्याच्याशी रिश्तेदारी!" तू डोळे वटारतेस, "गप रे! मी नसले की कोण सांगणार आहे तुला?"

कोणी नाही सांगितलं. तुझ्यामागे लग्नाच्या पत्रिका कमी होत गेल्या, मग बंदच झाल्या. रविवारी दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. फार एकटं वाटतं गं. म्हणून गेल्या महिन्यात ऑफिसात टेस्टिंगसाठी मी त्यात आपलंच घराणं भरलं: तू, आजी, आजीच्या बहिणी. ग्वाल्हेरच्या कुणीतरी त्यांचं घराणं नेटवर ठेवलेलं, ते येऊन याला जुळलं. तुझी ग्वाल्हेरला दिलेली मावसबहीण अजून आहे, आणि आता लेकाकडे राहते, इथे आपल्याच शहरात, खजरान्यात! शेजारी बसणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अरे सर, आपकी तो मौसी निकल आई! जाओ, मिलके आओ."

काल संध्याकाळी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, मिठाई घेतली. दार तिनेच उघडलं. डोळे बारीक करून बघायची रीत थेट तुझी, आई. "किससे काम है, भिया?" नातं मला तोंडपाठ होतं. पण अशा दारात पहिला शब्द तू बोलायचीस, मी मागे उभा असायचो. "गलत घर में आ गया, माताजी," म्हणालो आणि जिना उतरलो. मिठाई हातातच राहिली.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून खरं सांगतो. हिंदीत मी मुद्दाम बोललो. मराठी कानावर पडली असती तर तिने आत बसवून विचारलंच असतं, कुठले रे तुम्ही, कोणाचा तू? मग तुझं नाव ऐकून ती हरखली असती, आणि तू नाहीस हे मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं असतं.