तिचे जनुक काढल्यावर

सोमवार, ३ मार्च
विभागप्रमुख आज सर्वांसमक्ष म्हणाले— "बाईंचा भाग शोधनिबंधातून वगळू. शंकांना उत्तर द्यायला त्या आता नाहीत." मी आहे! बाई म्हणजे माझी पत्नी; प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्याच टेबलापाशी मी उभा आहे.

मंगळवार, ४ मार्च
वाद एवढाच. आमच्या यीस्टच्या एका जनुकात मधोमध ‘थांबा’ असा संकेत आहे. त्यामुळे प्रथिन अर्धवट राहते आणि प्लेटवरच्या पेशींच्या वसाहती लाल होतात. तिने टी-आरएनएचे, म्हणजे संकेत वाचून प्रथिन जुळवणाऱ्या रेणूचे, एक जनुक घडवले; ते पेशीत घातले, की तो संकेत ओलांडला जातो, प्रथिन पूर्ण होते, वसाहती पांढऱ्या होतात. "थांब म्हटले की थांबायचे, हे माझ्या टी-आरएनएला कोणी शिकवलेच नाही," असे ती म्हणे. "मालकिणीवर गेले आहे," असे मी म्हणे.
प्रमुखांच्या मते मूळ बिघाड आपोआप दुरुस्त झाला. तिच्या जनुकाचा संबंध नाही.
संबंध नाही!

शुक्रवार, ७ मार्च
प्रयोग पुन्हा केला. पांढऱ्या! "सर, पांढऱ्या तर तेव्हाही होत्या," प्रमुख म्हणाले. मुद्दा बिनतोड आहे; बिघाड आपोआप दुरुस्त झाला असता, तरी पांढऱ्याच आल्या असत्या. तेच खटकते.

शनिवार, ८ मार्च
मेहुणी आली. "भावोजी, ताई गेली. त्या बुरशीला किती दिवस कवटाळणार?"
"बुरशी नव्हे, यीस्ट."
"म्हणजे बुरशीच ना?"
शास्त्रदृष्ट्या तिचे बरोबर आहे.
"बरं, ताईचं कपाट तरी रिकामं करू या?"
"मुळीच नाही."

रविवार, ९ मार्च
मार्ग एकच उरतो. पेशींच्या अन्नात एक घटक मुद्दाम टाळलेला असतो; तो बनवण्याची सोय तिच्या जनुकासोबतच जोडलेली आहे, म्हणून त्या तिचे जनुक जपतात. तो घटक दिला, की काही पेशी ते टाकून देतात. टाकूनही पांढऱ्याच राहिल्या, तर प्रमुख खरे. लाल झाल्या, तर ती खरी.
तिने घातलेले मी काढायचे! बाटली हातात धरून बराच वेळ उभा होतो. मग घटक घातला.

गुरुवार, १३ मार्च
सगळ्या पांढऱ्या. प्रमुख दारातून हळूच म्हणाले, "सर, घरी जा आता." गेलो नाही. रंग उशिरा चढतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

रविवार, १६ मार्च
जिथून जिथून तिचे जनुक गेले, तिथे तिथे लाल! प्लेट प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. निबंधात पहिले नाव तिचेच राहील.
मेहुणीला कळवले— उद्या ये, कपाट रिकामे करू.